एकशे बत्तिसावा फोटो

माझ्या फिल्ममध्ये वाटाण्याचं एक रोप आहे. ते मातीतून डोकं वर काढतं, पानं उघडतं, काडीला तणावे गुंडाळत चढतं आणि शेवटी त्याला एक पांढरं फूल येतं. सगळं मिळून सत्तावीस सेकंद. अकराव्या सेकंदाला मात्र हे रोप दचकतं. तोवर ते डावीकडे, खिडकीच्या बाजूला झुकलेलं असतं. एकदम सरळ होतं आणि पुन्हा वाढायला लागतं.

सहज पाहणाऱ्याच्या हे लक्षात येईलच असं नाही. माझ्या लक्षात आलं, कारण मी फोटो एकावर एक ठेवून तपासत होतो. स्टॉप मोशनच्या ॲपमध्ये आधीच्या फोटोची पुसट छाया पुढच्या फोटोवर दिसते. या सोयीला ओनियन स्किन म्हणतात. कांद्याच्या पापुद्र्यातून पलीकडचं दिसतं, तसं. १३१ व्या फोटोत रोपाचं खालचं पान किडीनं कुरतडलेलं होतं. १३२ व्या फोटोत तेच पान अख्खं होतं.

कुरतडलेलं पान पुन्हा भरून येत नाही. म्हणजे ते रोप तेच नव्हतं.

हा लेख त्या दोन फोटोंच्या मधल्या जागेबद्दल आहे.

*

आमचं गाव परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यात. मी इंजिनिअरिंग करून पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये लागलो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन गावी आलो आणि बरेच महिने राहिलो. मीटिंग संपल्या की करायला काही नसायचं. पोळ्याला आईनं पूजेसाठी मातीचे बैल केले. त्यातला एक मी मागून घेतला, पाटावर ठेवला, समोर डब्याला टेकवून फोन उभा केला आणि बैलाला चालवायला लागलो.

ज्यांनी कधी केलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्टॉप मोशनमध्ये वस्तू हलताना आपण टिपत नाही. वस्तू थोडी हलवायची, हात बाजूला घ्यायचा, फोटो काढायचा. पुन्हा थोडी हलवायची, पुन्हा फोटो. असे बारा फोटो एका सेकंदात दाखवले की वस्तू आपणहून हलल्यासारखी वाटते. मोठ्या स्टुडिओत सेकंदाला चोवीस फ्रेम धरतात, पण तिथंही बऱ्याचदा एकच फोटो दोनदा वापरतात, म्हणजे हिशोब बारावरच येतो. दहा सेकंदांच्या फिल्मला एकशेवीस फोटो.

चुका करत काही गोष्टी कळल्या. फोनचा फोकस, प्रकाश आणि रंग हे तिन्ही लॉक करायचे, नाहीतर फोन प्रत्येक फोटोला स्वतःचं डोकं चालवतो आणि फिल्म लुकलुकते. उन्हात काढायचं नाही, ऊन सरकतं. खिडकी बंद करून एकच दिवा लावायचा. फोनला हात लावायचा नाही, इअरफोन जोडून त्याच्या आवाजाच्या बटणानं फोटो काढायचा. आणि वस्तू सगळीकडे सारखी सरकवायची नाही. सुरुवातीला थोडी, मध्ये जास्त, थांबताना पुन्हा थोडी. असं केलं तरच तिला वजन आहे असं वाटतं.

माझा बैल चार सेकंद चालला. अठ्ठेचाळीस फोटो, एक अख्खा रविवार. फिल्म लावून पाहिली तेव्हा एक वेगळीच गोष्ट दिसली. आमच्याकडची माती काळी, कापसाची. ओली असताना फुगते, वाळली की आकसते. एप्रिलमध्ये वावरात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच मातीत. दिवसभर दिव्यासमोर राहून बैलही वाळत गेला होता. पहिल्या पावलाला तो गुळगुळीत होता. दुसऱ्या पावलाला पाठीवर एक रेघ आली. चौथ्या सेकंदापर्यंत त्याच्या अंगभर भेगा होत्या. बैल चालता चालता म्हातारा झाला होता.

ते मी केलं नव्हतं. दोन फोटोंच्या मध्ये मी बैल हलवत होतो आणि त्याच वेळात माती तिचं काम करत होती. फिल्ममध्ये दोन्ही सारखंच दिसत होतं. कोणतं मी केलं आणि कोणतं आपोआप झालं, हे बघणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता.

*

वाटाण्याची कल्पना माझी नाही, ती दादासाहेब फाळक्यांची. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये प्रदर्शित झाला हे आपण शाळेत शिकतो. त्याआधी १९१२ मध्ये फाळके लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले होते. आता पूर्ण लांबीचा चित्रपट काढायचा तर पैसा हवा. पैसा देणाऱ्याला तर सिनेमा म्हणजे काय हे दाखवायला हवं. मग त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा ठेवला आणि तो वाढत असताना एकेक चित्र टिपत गेले. साधारण मिनिटभराची ती फिल्म म्हणजे 'अंकुराची वाढ'. ती पाहून त्यांना भांडवल मिळालं.

गोष्ट अशी सांगतात की फाळके महिनाभर रोज एक फ्रेम घ्यायचे. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा सवयीनं गुणाकार केला. रोज एक फ्रेम, महिनाभर, म्हणजे तीस फ्रेम. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण सोळा फ्रेम चालत. तीस फ्रेम दोन सेकंदही पुरत नाहीत. मिनिटभराला ९६० लागतात. तीस दिवसांत ९६० म्हणजे दिवसाला बत्तीस. चोवीस तास धरले तर दर पंचेचाळीस मिनिटांनी एक, रात्रीसुद्धा.

म्हणजे 'रोज एक फ्रेम' हे ऐकायला सोपं जावं म्हणून आलेलं वाक्य असणार. प्रत्यक्षात त्या कुंडीजवळ कुणालातरी दिवसातून कितीतरी वेळा उठून जावं लागलं असेल. हा गुणाकार माझ्या डोक्यात राहून गेला.

फाळक्यांनी पुढे १९१५ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू होतं आणि पैशांची चणचण होती तेव्हा, 'आगकाड्यांची मौज' नावाचा छोटा चित्रपट केला. त्यात आगपेटीतल्या काड्या स्वतःहून हलतात, आकार घेतात. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्ये काड्यांचा असाच खेळ केला होता. फाळक्यांच्या या दोन्ही फिल्म आज उपलब्ध नाहीत.

तंत्र म्हणून दोन्ही एकच. कॅमेरा जागेवर, एक चित्र, मग थांबायचं, मग दुसरं चित्र. फरक फक्त मधल्या वेळात काय होतं याचा. वाटाण्याच्या वेळी माणूस मध्ये काही करत नाही, रोप वाढतं. काड्यांच्या वेळी काड्या काही करत नाहीत, माणूस त्या हलवतो. म्हणून वाटाण्याला आपण नोंद म्हणतो आणि काड्यांना जादू.

मला ही विभागणी फार आवडली होती. एक खरं, एक खोटं, आणि दोन्ही चांगलं. पण त्याच सुमारास लिथुआनियात एकानं ही सीमा आधीच ओलांडली होती. लादिस्लाव स्तारेविच कीटकांचा अभ्यासक होता. त्याला शिंगवाल्या भुंग्यांची झुंज टिपायची होती. पण चित्रीकरणाचे दिवे लागले की भुंगे निपचित पडायचे. शेवटी त्यानं मेलेले भुंगे घेतले, त्यांच्या पायांच्या जागी तार जोडली आणि एकेक फ्रेम हलवत झुंज उभी केली. १९१२ मध्ये, म्हणजे फाळक्यांचा वाटाणा वाढत होता त्याच वर्षी, त्याची 'कॅमेरामनचा सूड' ही कीटकांची फिल्म आली. त्या काळच्या काही प्रेक्षकांना वाटलं, हे शिकवलेले जिवंत कीटक आहेत.

स्तारेविच सुरुवातीला नोंदच करायला निघाला होता. जिवंत भुंगा साथ देईना म्हणून त्याच्या जागी दुसरा आला. आपल्या घरातही असंच काही होईल हे तेव्हा माझ्या डोक्यात नव्हतं.

*

गेल्या दिवाळीत गावी आलो तेव्हा वाटाण्याची फिल्म करायचं ठरवलं. किराणातले वाळलेले वाटाणे भिजत घातले आणि त्यातला एक चांगला दाणा निवडून कुंडीत लावला. जुना फोन स्टँडला घट्ट बांधला. ठराविक वेळानं आपोआप फोटो काढणारं ॲप टाकलं आणि समाधानानं झोपलो. सकाळी पाहिलं तर तीनच फोटो. बॅटरी वाचवायला फोननं ॲप बंद करून टाकलं होतं. सेटिंग बदलून पाहिलं, मग लाईट गेली आणि चार्जिंग संपलं. चार दिवसांनी मला पुण्याला परतायचं होतं.

आई म्हणाली, "मला दाखव कसा काढायचा. मी काढते."

मी एका कागदावर लिहून दिलं. सकाळी सात, नऊ, अकरा, एक, तीन, पाच, संध्याकाळी सात आणि रात्री नऊ. दिवसाला आठ फोटो, चाळीस दिवस, एकूण तीनशेवीस. प्रत्येक वेळी खिडकी लावायची, दिवा लावायचा, इअरफोनचं बटण एकदा दाबायचं, दिवा बंद करायचा, रोपाला उजेड मिळावा म्हणून खिडकी पुन्हा उघडायची. कुंडी हलवायची नाही. रोज एक पेला पाणी. पहिल्या दिवशीचे आठ फोटो तिला शिकवत मीच काढले, दुसऱ्या दिवशी सकाळचे तीन काढले आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघालो.

चाळीस दिवस मी पुण्यातून रोज विचारायचो, "काढले का फोटो?" ती म्हणायची, "काढले की." इतकंच.

नंतर फोन माझ्याकडे आला, मी फोटो लॅपटॉपवर घेतले आणि १३१ आणि १३२ दिसले. सतरावा दिवस, सकाळचे अकरा आणि दुपारचा एक. मी आईला फोन लावला.

"आई, वाटाण्याचं रोप मधीच बदललंस का?"

"हां, मेलं की ते. बुडातून सडलं व्हतं. मंग डब्यातलं लावलं."

"कोणत्या डब्यातलं?"

"तू दाणा लावलास त्याच दिवशी मी तीन दाणे डब्यात टाकले व्हते. एका दाण्याच्या भरवशावर कोणी बसतंय का?"

"मग सांगायचंस तरी."

"सांगून काय करणार व्हतास? पुण्याहून येणार व्हतास?"

मी गप्प बसलो. मग तीच म्हणाली, "तू रोज पेलाभर पाणी घाल म्हनलास. काळी माती हाय, एवढं पाणी कुठं झेपतंय त्याला. पण म्हनलं तुझं काही गणित असंल."

*

आमच्या एका मित्रमंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी मोबाइल लघुपट स्पर्धेची माहिती टाकली होती. फिल्म पाठवायला तीन दिवस होते. माझ्या फिल्मचं नाव 'एका दाण्याची गोष्ट' असं आधीच ठरलं होतं. आता ते नाव खोटं ठरत होतं.

पहिला उपाय सुचला तो माझ्या धंद्यातला. दोन फोटो दिले की मधले फोटो तयार करून देणारी सॉफ्टवेअर आता फुकट मिळतात. मी १३१ आणि १३२ दिले, मध्ये सहा फोटो मागितले. अर्ध्या मिनिटात आले. लावून पाहिलं तर दचका गेला होता. रोप खिडकीकडून हळूच सरळ होत होतं, वारा आल्यासारखं. आणि कुरतडलेलं पान सावकाश भरून येत होतं.

ते पाहताना मला कसंतरीच झालं. का झालं हे शोधायला बरेच दिवस लागले. आई आणि सॉफ्टवेअर, दोघांनीही एकच काम केलं होतं. माझ्या फिल्ममधली मोकळी जागा भरली होती. पण आईनं जे रोप लावलं ते त्याच दिवशी, त्याच मातीत रुजलेलं, सतरा दिवस खरोखर जगलेलं रोप होतं. सॉफ्टवेअरनं दिलेले सहा फोटो ज्या रोपाचे होते ते कुठंच नव्हतं. त्याला कुणी पाणी घातलं नव्हतं. ते मरूही शकलं नसतं.

तरीही यावर एक आक्षेप येतो आणि तो मी स्वतःलाच घेतला. सगळा सिनेमाच भ्रम आहे. पडद्यावर काहीच हलत नाही, स्थिर चित्रं असतात, हालचाल आपल्या डोक्यात होते. स्टॉप मोशनमध्ये तर बदली हे राजरोस तंत्र आहे. बाहुलीच्या चेहऱ्यावरचे भाव बदलायला तिचं डोकंच बदलतात. हेन्री सेलिक यांच्या १९९३ च्या 'द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस'मधल्या जॅकसाठी शेकडो डोकी बनवली होती. तिथं कुणी म्हणत नाही की हा तो जॅक नव्हे. मग एका रोपाच्या जागी दुसरं आलं तर बिघडलं कुठं?

माझं उत्तर असं आहे. खोटेपणा तंत्रात नसतो, तो आपण बघणाऱ्याला काय कबूल केलंय यात असतो. आगकाड्या नाचवणारा 'काड्या खरंच नाचतात' असं म्हणत नाही. बघणाऱ्यालाही ते माहीत असतं आणि फसण्यात त्याला मजा येते. वाटाणा दाखवणारा मात्र 'हे असंच घडलं' असं म्हणत असतो. आणि मी तर नावातच 'एका' म्हणून ठेवलं होतं.

इथपर्यंत मी न्यायाधीशाच्या खुर्चीत होतो. आईनं चूक केली, प्रेमानं केली, पण चूक ती चूक, आता ती कशी निस्तरायची, असा माझा सूर होता.

*

गावी गेलो तेव्हा हे अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणजे माझे वडील. ते म्हणाले, "यात चूक काय झाली? तिनं नांगे भरले."

नांगे भरणं हा शब्द शहरात वाढलेल्या वाचकाला माहीत नसेल. सरकी लावली की सगळीच उगवत नाही. एखादी सडते, एखादी किडा खातो, कुठं बी खोल पडलेलं असतं. आठ-दहा दिवसांनी वावरात फेरी मारली की ओळीत मोकळ्या जागा दिसतात. ते नांगे. तिथं पुन्हा बी टाकतात किंवा आधीच पिशवीत वाढवून ठेवलेलं रोप लावतात, म्हणजे मागून लावलेलं झाड बाकीच्यांच्या मागे पडत नाही. आईच्या डब्यातले तीन दाणे म्हणजे या पिशव्याच होत्या.

यात कुणाला कुणाची फसवणूक वाटत नाही. शेतकरी 'हाच दाणा वाढेल' असं कबूल करतच नाही. तो म्हणतो, ओळ भरलेली राहील. मेलेल्या रोपाबद्दल कुणी गळे काढत नाही, पण जागा मोकळी सोडणं हा मात्र आळस समजतात.

म्हणजे आईनं मला दिलेलं वचन तिनं तंतोतंत पाळलं होतं. मी मागितलं होतं वाढणारं रोप आणि तीनशेवीस फोटो. दोन्ही मिळालं. 'एकच दाणा' ही अट माझ्या डोक्यात होती, कागदावर नव्हती. मी शेतकऱ्याच्या घरात लहानाचा मोठा झालो आणि 'नांगे' हा शब्द विसरून 'एका दाण्याची गोष्ट' असं सुटसुटीत नाव शोधलं. एका दाण्याची गोष्ट अशी काही गोष्टच नसते, हे तिला ठाऊक होतं.

तरी माझा मुद्दा पूर्ण खोडला गेला असं मला वाटत नाही. वावराचा हिशोब वेगळा आणि पडद्याचा वेगळा. ओळ बघणारा आणि रोप बघणारा वेगळं मागत असतात. पण खरी अडचण त्याहून वेगळ्या ठिकाणी होती आणि ती मला फार उशिरा दिसली.

स्पर्धेच्या अर्जात एक चौकोन होता. 'ही फिल्म मी स्वतः चित्रित केली आहे.' त्यात मी खूण केली होती. कधी केली तेही आठवत नव्हतं, कारण त्याला एक सेकंदही लागला नव्हता. खाली नावं लिहायची होती. दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन. तिन्ही ठिकाणी मी माझं नाव लिहिलं होतं.

तीन दिवस मी सतराव्या दिवसाच्या एका फोटोवरून प्रामाणिकपणाचा विचार करत होतो. तीनशेवीसपैकी तीनशेनऊ फोटो मी काढले नव्हते, याचा विचार एकदाही मनात आला नव्हता.

मग मी सगळे फोटो पुन्हा एकेक करून पाहिले. या वेळी रोप बघितलं नाही. मी बाजूला काढून टाकलेले खराब फोटो पाहिले, ज्यांच्या जागी तिनं लगेच दुसरे काढले होते. एकात कोपऱ्यात हिरव्या बांगड्या होत्या. एकात लाईट गेलेली होती आणि डावीकडून कुणीतरी टॉर्च धरली होती. त्या उजेडात दिसणारं जाड नखाचं बोट अण्णांचं होतं. ज्यांनी "पोरगं वाटाण्याचे फोटो काढायलंय" म्हणून गावभर थट्टा केली, ते अण्णा. विचारलं तर कळलं, वेचणीचे दिवस होते. वावर गावाला लागून असल्यामुळे आई अकराला आणि पाचला घरी येऊन जायची. पण दुपारी एकला आणि तीनला येणं जमेना, म्हणून तीस दिवस ते दोन फोटो गुडघा धरून बसलेल्या अण्णांनी काढले. साठ फोटो. कुणीच मला सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नाही.

फाळक्यांच्या त्या गुणाकाराचा अर्थ मला तेव्हा लागला. 'रोज एक फ्रेम' असं सांगितलं की एका माणसाच्या चिकाटीची गोष्ट तयार होते. बत्तीस म्हटलं की घर दिसायला लागतं. फाळक्यांच्या घरात सरस्वतीबाई होत्या. 'राजा हरिश्चंद्र'च्या काळात कच्च्या फिल्मला भोकं पाडण्यापासून फिल्म धुण्यापर्यंतची कामं त्या शिकल्या आणि करत होत्या. शूटिंगला पांढरी चादर धरून उभ्या राहत होत्या आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही सांभाळत होत्या. चित्रपटासाठी त्यांचे दागिनेही गेले. 'राजा हरिश्चंद्र'च्या पडद्यावर मात्र त्या दिसत नाहीत.

स्टॉप मोशनचा पहिला नियम हाच आहे. फोटो काढण्याआधी हात बाहेर. हात दिसला तर फोटो रद्द. कला म्हणून हा नियम बरोबर आहे. हात दिसला तर बैल चालत नाही, कुणीतरी बैल सरकवतंय एवढंच दिसतं. चूक तेव्हा होते, जेव्हा फ्रेमबाहेर घेतलेला हात आपण नावांच्या यादीतूनही बाहेर ठेवतो. पहिलं बघणाऱ्याच्या आनंदासाठी असतं. दुसरं फक्त आपल्या सोयीसाठी.

आणि या नियमाला सुंदर अपवादही आहेत. १९३३ च्या 'किंग काँग'मधल्या बाहुलीला सशाची फर होती. प्रत्येक फ्रेमला तिला हात लागायचा आणि फर थोडी विस्कटायची. पडद्यावर काँगचे केस सतत थरथरताना दिसतात. ती खरं तर चूक होती, पण बघणाऱ्यांना वाटलं, राक्षस रागानं फुलतोय. ब्रिटनमधल्या आर्डमन स्टुडिओच्या 'वॉलेस अँड ग्रॉमिट'मध्ये मातीच्या चेहऱ्यांवर ॲनिमेटरच्या बोटांचे ठसे दिसतात. ते पुसून टाकण्याचा अट्टहास त्यांनी धरला नाही. माणसाचा हात लागलाय हे दिसल्यानं त्या पात्रांचं काही कमी झालं नाही.

*

स्पर्धेची मुदत मी जाऊ दिली. यात मोठेपणा नाही. चौकोनातली खूण काढली तर अर्जच पुढे जात नव्हता.

फिल्म मात्र पूर्ण केली. सॉफ्टवेअरनं दिलेले सहा फोटो काढून टाकले. अकराव्या सेकंदाचा दचका तसाच ठेवला. नाव बदलून 'नांगे' केलं. सुरुवातीला एक ओळ टाकली, 'हे रोप सतराव्या दिवशी बदललं आहे.' शेवटी नावं आहेत. फोटो, आई २४९, अण्णा ६०, मी ११. आणि बांगड्यांचा तो रद्द केलेला फोटो शेवटच्या नावानंतर एकदाच येतो. एका सेकंदाचा बारावा भाग. डोळे मिटले तर दिसणार नाही.

अजून एक गोष्ट मनातून जात नाही. मी वर्षातून चार-पाच वेळा गावी जातो. प्रत्येक वेळी आई थोडी वाकलेली दिसते, अण्णांचा गुडघा आणखी धरलेला असतो. मी त्यांना फ्रेम फ्रेमनंच बघतोय. मधल्या महिन्यांत काय मेलं, काय सडलं, कुठं नांगे पडले आणि त्यांनी ते कशानं भरले, हे मला कळत नाही. 'काढले की' इतकंच ऐकू येतं. आता मी पुढचा प्रश्न विचारायचा प्रयत्न करतो. जमतंच असं नाही.

तयार फिल्म घेऊन गेलो आणि दोघांना दाखवली. अण्णांनी त्यांचं नाव आलं तिथं थांबवून पुन्हा मागे घ्यायला लावलं. आई शांतपणे बघत होती. संपल्यावर मी तिला विचारलं, "रोप बदललं ते लिहिलंय, चालेल ना?"

"लिव्ह की. त्यात काय लपवायचंय," ती म्हणाली. मग थोडं थांबून, हळू आवाजात, "फक्त पाण्यानं मेलं असं लिहू नकोस. आपल्या घरी रोप पाणी जास्त होऊन मेलं म्हनलं तर लोक हसतील."

फिल्ममध्ये मी ते लिहिलेलं नाही. इथं लिहिलं, कारण पेलाभर पाण्याचं गणित माझं होतं.